फळीपलीकडचं आमेन

आमच्या दादांच्या प्रार्थनेला चाळीत कुणी प्रार्थना म्हणत नसे, ‘सातच्या बातम्या’ म्हणत. यात चाळीचा काही दोष नव्हता. दादा म्हणजे माझे वडील, गिरणीत साचेखात्यात होते. मागांच्या त्या धडधडाटात जन्म काढलेल्या माणसाचे कान जसे व्हायचे तसे त्यांचे झाले होते, आणि ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो माणूस हळू बोलायचं कसं ते विसरून जातो. साचेखात्यातली माणसं आपसांत ओठांनी आणि हातांनी बोलतात. त्यामुळे घरी आई आणि मी दादांशी नुसते ओठ हलवून बोलायचो आणि दादा आम्हाला गिरणीच्या भोंग्याच्या आवाजात उत्तर द्यायचे. चाळीला आमच्या घरातल्या प्रत्येक संभाषणाची एकच बाजू ऐकू येई, आणि दुसरी बाजू चाळ आपल्या मनानं भरून काढी. आईनं ओठांनी विचारलेलं असायचं, ‘उद्या मटण आणायचं का?’ आणि बाहेर गॅलरीत ऐकू जायचं ते दादांचं एवढंच, ‘माझा जीव गेला तरी नको!’

परळला, लालबागच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर आमची खोली होती. खोली म्हणजे अर्धी खोली. मूळची एकच मोठी खोली, तिच्यात कुणी तरी मधोमध फळ्या ठोकून दोन बिऱ्हाडं केलेली. अलीकडे आम्ही, पलीकडे काकी. काकी मालवणाकडच्या, नवरा गिरणीतच वारलेला, घरात मुलगा वसंता, सून आणि आमच्या गोष्टीच्या वेळेला नुकताच रांगायला लागलेला नातू. फळ्यांच्या फटीतून त्यांच्या बांगड्याच्या तिखल्याचा वास आमच्याकडे यायचा आणि आमच्या बाजरीच्या भाकरीचा त्यांच्याकडे जायचा. आम्ही मूळचे नगरकडचे, आजोबांच्या वेळेपासूनचे ख्रिस्ती. साऱ्या चाळीत आमचं एकच घर तसलं. रोज दिवेलागणीला कुटुंबोपासना व्हायची: आधी एक भजन, मग शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक भाग वाचायचा, मग प्रार्थना, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन. फळीपलीकडे त्याच वेळेला काकी तुळशीपुढे दिवा लावून हात जोडायच्या. तुळस डालड्याच्या डब्यात होती आणि तो डबा आमच्या फळीला टेकलेला होता, त्यामुळे दोन्ही घरचे देव एकमेकांना चांगले ओळखत असणार, असं मला लहानपणी वाटायचं.

दादांची प्रार्थना म्हणजे चाळीची शिरगणती. देवाजवळ आडपडदा ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा. पहिल्या मजल्यापासून सुरुवात करून ते वर वर येत. ‘हे प्रभू, पहिल्या मजल्यावरच्या गोविंदरावांची दारू सुटू दे. त्यांची बायको सोसते आहे, तिला बळ दे.’ दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदराव दारात. शास्त्र वाचतात म्हणून चाळ दादांना मास्तर म्हणे. ‘मास्तर, माझं नाव वर कळवायचं तर कळवा, पण जरा हळू कळवा! सासुरवाडीची माणसं आलीत घरी!’ दादांनी त्यांचे ओठ वाचले आणि गंभीरपणे मान हलवली. त्या संध्याकाळी प्रार्थनेत भर पडली: ‘आणि प्रभू, गोविंदरावांकडे पाहुणे आले आहेत, तेवढे दिवस तरी त्यांना सांभाळ.’ असं सगळं असूनही लोक येऊन निरोप देऊन जात. कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाच्या सुनेचं बाळंतपण. ‘तुमच्या देवाक जरा सांगा, भावजीनू,’ असं काकीच म्हणायच्या. ‘आमच्या देवाक मी सांगितलंय. पण तुमचो आवाज मोठो.’

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. भिंतीभिंतीवर चुन्यानं घोषणा लिहिलेल्या, खालच्या चौकात रोज सभा, डफ, पोवाडे. आम्हाला येताजाता टोमणे बसत, ‘इंग्रज गेले, तुम्ही कधी जाणार हो?’ दादा म्हणायचे, ‘मी शेवगावचा. जायचंच झालं तर यष्टीनं जाईन.’ आणि एके संध्याकाळी, आमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटीला आलेले असताना, दादांनी तिन्ही मजल्यांची माणसं संपवून एकदम नवीन विषय काढला. ‘आणि हे प्रभू, आमचा मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र…’ श्वास घ्यायला ते थांबले मात्र, गॅलरीतून वसंता आणि त्याची मित्रमंडळी एका सुरात ओरडली, ‘झालाच पाहिजे!’ आई पदरात तोंड घालून हसली. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला, दाराकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. दादांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ते शांतपणे ‘आमेन’ म्हणाले. तेव्हापासून तो रिवाजच पडला. दादांची प्रार्थना कितीही आध्यात्मिक उंचीवर गेलेली असो, शेवटी संयुक्त महाराष्ट्र यायचा आणि बाहेरून त्याला उत्तर मिळायचं.

या अशा बापाच्या पोटी मी जन्मले, आणि माझा आवाज म्हणजे भांड्यात पडलेल्या माशीचा. नाव मात्र एस्तेर. शास्त्रातली एस्तेर ही राणी. जिवावर उदार होऊन भर दरबारात राजासमोर बोलली आणि आपल्या लोकांना वाचवलं. मी आमच्या घरात दुसऱ्यांदा कालवण मागू शकत नव्हते. माझ्यावर प्रार्थनेची पाळी आली की मी हनुवटी छातीला लावून काहीतरी पुटपुटायचे. दादा डोळे घट्ट मिटून बसायचे. डोळे मिटले की त्यांना ओठ दिसत नसत, आणि ऐकू तर येतच नसे. माझी प्रार्थना संपली की आई त्यांचा गुडघा दाबायची. गुडघा दाबला की दादा फळ्या हादरतील असं ‘आमेन!’ म्हणायचे. मी काय मागितलं याचा त्यांना कधीही पत्ता नसे. बाहुलीपासून ते गणिताच्या बाई मरोत इथपर्यंत मी देवाला काय काय सांगितलं होतं, आणि प्रत्येक गोष्टीला माझ्या बापाची बिनशर्त मंजुरी होती.

मग दादांना खोकला लागला. आधी कापसाच्या धुळीचा म्हणाले, मग पावसाळी हवेचा म्हणाले, आणि शेवटी जे म्हणायचं होतं ते डॉक्टर म्हणाले. क्षय. दादांना समुद्राकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. जाताना त्यांनी गॅलरीत उभं राहून एकेका दाराकडे पाहत हात जोडले. त्या वेळी दारं बहुतेक बंद होती. आई एका प्रसूतिगृहात आया होती, तिला कायमची दुपारपाळी. दुपारी निघाली की मी झोपल्यावरच परतायची. जाताना तिनं एकच गोष्ट बजावली. ‘एस्तेर, एखाद दिवशी चूल पेटली नाही तर चालेल. उपासना बंद पडायची नाही. दादा परत आले तर त्यांना घर चालू सापडलं पाहिजे.’ ‘परत आल्यावर’ म्हणायचं सोडून ती ‘परत आले तर’ म्हणाली, ते मला लागलं. आईला ते कळलं, पण तिनं शब्द दुरुस्त केला नाही. ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती.

एकटेपण म्हणजे काय, हे मी तेव्हा शिकले. मुंबईच्या चाळीत माणूस एकटा पडू शकतो, यावर माझ्या नातवंडांचा विश्वास बसत नाही. ती म्हणतात, आजी, तिथं तर शंभर माणसं असतील! होती ना. शंभर माणसं होती, आणि ती सगळी आमच्या दारापुढून भिंतीच्या कडेकडेनं जायची. माझ्याशी सागरगोटे खेळणाऱ्या मुली गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. कुणी वाईट बोललं नाही. वाईट बोलण्यासाठीसुद्धा जवळ यावं लागतं. चर्चच्या मंडळीतली दोन-चार माणसं सुरुवातीला रविवारी येऊन गेली, दारातच उभं राहून त्यांनी प्रार्थना केली, खूप छोटी. आणि काकी, ज्या आमच्या घरात दिवसातून सतरा वेळा मीठ-मिरची मागायला यायच्या, त्यांनी आमचा उंबरठा ओलांडायचं सोडलं. त्या रोज संध्याकाळी फळीवर दोनदा ठोकायच्या. त्याचा अर्थ, बाहेर उंबरठ्यापाशी झाकलेलं ताट ठेवलं आहे. भात, सार, कधी सुक्या बोंबलाची चटणी. मी जेवायचे, ताट घासायचे, उंबरठ्यापलीकडे पालथं ठेवायचे. मग एकदा फटीतून पाहिलं, काकी त्या ताटावर कढत पाणी ओतत होत्या. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. त्यानंतर किती तरी दिवस त्या भाताला मला वाफेचा वास येत होता.

संध्याकाळी खालून डफ वाजायचा, मुलं घोषणा देत पळायची, कुठे तरी कांदा फुटल्याचा वास यायचा, कारण अश्रुधुरावर उतारा म्हणून घरोघरी कांदे फोडून ठेवलेले असत. आणि मी दिवा लावून चटईवर बसायचे, शास्त्र उघडायचे, बोट ठेवून एक भाग वाचायचे आणि पुटपुटत प्रार्थना करायचे. इथवर ठीक होतं. अडायचं ते शेवटी. आमेन एकट्यानं म्हणायचं कसं? आमच्या घरी प्रार्थना एकाची असे, आमेन सगळ्यांचं. सही एकाची आणि साक्षी दोघांच्या, तसं. मी आमेन म्हणायचे आणि खोली इतकी गप्प व्हायची की आपण देवाला नाही, कपाटाला काही तरी सांगितलं असं वाटायचं. म्हणून मी एक युक्ती काढली. आधी माझ्या आवाजात आमेन. मग आईच्या आवाजात, जरा घोगरं. आणि मग पोट आत ओढून, गळा फुगवून, दादांच्या आवाजात. तिघांची हजेरी मी एकटीच लावायचे. आज कुणी मला विचारलं की देवावर तुझा विश्वास होता का तेव्हा, तर मला प्रामाणिकपणे सांगावं लागेल की देवावर किती होता ते माहीत नाही, पण घर तिघांचं आहे यावर मात्र होता, आणि तो मी नकला करकरून जिवंत ठेवत होते.

दादांचा आवाज मला पहिल्यांदा जमत नव्हता. बेडकासारखं काहीतरी निघायचं. पण रोजच्या सरावानं सुधारणा होत गेली. आणि मग एके दिवशी आई कामावर जाताना म्हणाली, दादांचं ऑपरेशन ठरलं आहे, परवा. बरगड्या काढून फुप्फुस दाबायचं म्हणे, म्हणजे त्याला विश्रांती मिळते. ‘मोठं आहे का?’ मी ओठांनीच विचारलं. घरात आता कुणी बहिरं नव्हतं, पण सवय. आई नुसती मान हलवून निघून गेली. त्या संध्याकाळी मी उपासनेला बसले, भजन म्हणायचं धैर्य झालं नाही, वाचलं, प्रार्थना केली, माझं आमेन म्हटलं, आईचं म्हटलं, आणि मग सगळा जीव एकवटून दादांचं म्हटलं. ते असं काही निघालं, इतकं अस्सल, भरदार, फळ्या हादरवणारं, की मी स्वतःच दचकले.

फळीपलीकडे पितळेचं काही तरी धाडकन पडलं. मग काकींचा आवाज, पार बदललेला, थरथरता. ‘भावजीनू?’

मी तोंडावर हात दाबला.

‘भावजीनू, गेलास? कधी गेलास?’

मला वाटलं, इस्पितळातून निरोप आला. खालच्या दुकानातल्या फोनवर आला असणार, सगळ्या चाळीला कळलं आहे आणि मला सांगायचं धैर्य कुणाला होत नाही. दादा गेले. पलीकडे काकी बोलतच होत्या, घाईघाईनं, रडत, जसं कुणाला दारातूनच परत पाठवायचं असतं तसं. ‘भावजीनू, चेडवाक भिववू नकात. एकला आसा ता. माका माहीत हा, तुमचो जीव तिच्यात अडाकलो. माज्यावर रागावलास मां? मी तुमच्या घराक पाय लावूक नाय. माजो नातू तान्हो, भावजीनू, तेच्यासाठी भियाले. मी काय करू? रोज ताटावर कढत पाणी ओततंय आनि रोज रडतंय. तुमी माज्या वसंताच्या परीक्षेक देवाक सांगितलास आनि मी तुमच्या चेडवाक उंबऱ्यावर वाडतंय…’

‘काकी!’ मी शेवटी ओरडले. ‘काकी, दादा गेले का हो?’

‘माका काय विचारतंस?’ काकी म्हणाल्या. ‘तूच सांग! तुज्याकडेच इले हत मां ते? दिसतत?’

‘कोण?’

‘तुजो बापूस!’

‘इथं कुणी नाही. मी एकटीच आहे.’

‘मगे आमेन कोणी म्हटल्यान?’

आता मला जे सांगायचं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. तोंड फळीला लावून मी सांगितलं. की मी आहे. की आमेन तिघांचं लागतं. की रोज मीच म्हणते, तिघांचं. हे ऐकल्यावर काकी ज्या भडकल्या! ‘जळलां तुजां आमेन! माजो जीव गेल्लो! तुळस पडली माजी, डबो पालथो झालो, माती सगळी घरभर! अगो, जितो माणूस तो, तेचो आवाज काडतंस? ऑपरेशन हा तेचा! अशुभ नाय गो ता?’ मी हुंदके देत होते. मग पलीकडून रागाचा आवाज यायचा थांबला आणि कसला तरी दुसरा आवाज यायला लागला. आधी मला वाटलं काकी रडतायत. पण त्या हसत होत्या. हसता हसता रडत होत्या, की उलट, फळीतून नीट कळत नव्हतं. ‘इतकी वर्षां आयकतंय मी,’ काकी शेवटी नाक ओढून म्हणाल्या. ‘सगळां पाठ हा माका. आधी गाणां, मगे वाचूचा, मगे प्रार्थना. आज गाणां म्हटलंस नाय तू. माका वाटला, तब्येत बरी नाय हा काय तुजी.’ मी नाक पुसलं. ‘आयक गो चेडवा. उद्यापासून आमेन मी म्हणतलंय. तू तुजां म्हण. बापूस होव नको.’

‘पण काकी, तुमचा देव…’

‘माज्या देवाचा मी बघतंय. तो काय असो तसो नाय. आता तेचीच तुळस परत लावूक होयी.’

ऑपरेशनच्या दिवशी आई सकाळीच इस्पितळात गेली. दुपारी खाली धावपळ झाली, दुकानांच्या फळ्या पडल्या, आणि पोलिसांची गाडी भोंग्यातून ओरडत गेली की संचारबंदी. आई तिकडे अडकली. फोन असलेलं दुकान बंद. खालच्या चौकात, जिथं एरवी पाय ठेवायला जागा नसे, तिथं एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलं होतं. मी दार लावून बसले. दादा जगले की नाही, एवढं एकच मला हवं होतं, आणि ते सांगू शकेल असं जगात कुणीही माझ्यापर्यंत येऊ शकत नव्हतं. नळाला पाणी आलं, गेलं. मी ते भरलंही नाही. उन्हाची तिरीप चटईवरून सरकत भिंतीवर चढली आणि विझली. माझ्या पुढच्या आयुष्यात माणसं गेली, नवरा गेला, पण त्या दुपारइतकी एकटी मी पुन्हा कधी झाले नाही. तेव्हा मला रडायचंसुद्धा सुचत नव्हतं, कारण कशासाठी रडायचं तेच ठरलेलं नव्हतं.

दिवेलागण झाली. फळीवर दोन ठोके पडले. मी उठले नाही. परत दोन ठोके. ‘एस्तू, ताटाचा नाय गो,’ काकी म्हणाल्या. ‘उपासनेची वेळ झाली.’

मी म्हटलं, मला जमणार नाही.

‘बरां. नको करू. बस अशीच. फळयेक पाठ लाव.’

मी फळीला पाठ लावली. पलीकडे त्यांनी लावली असावी, कारण फळी माझ्या पाठीमागे किंचित आत आली आणि थांबली. आम्ही तशाच बसलो. पुष्कळ वेळ. त्यांच्या नातवाचं किरकिरणं, सुनेचं दबक्या आवाजात गाणं, चुलीवरच्या पातेल्याचं झाकण. मग मी सुरू केलं, माझ्या नेहमीच्या माशीच्या आवाजात. ‘हे प्रभू, दादांना…’ आणि पुढं जाता येईना.

‘आयकाक येणा नाय,’ फळी म्हणाली.

‘हे प्रभू…’

‘गो, तुज्या बापाशीन तुमच्या देवाक मोठ्यान आयकूची सवय लावन ठेवल्यान हा. आता तू अशी कुसकुसलंस तर तेका काय कळतला? मोठ्यान!’

त्यानंतर माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी ठरवून केलेलं नव्हतं. मी ओरडले. ओरडून प्रार्थना केली. शब्द मला आठवत नाहीत, आणि आठवले असते तरी इथे लिहिले नसते. पण एवढं आठवतं की दादांना वाचव म्हणता म्हणता मी पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली होती. गोविंदराव, त्यांची बायको, कोपऱ्यातली आंधळी आजी, काकी, काकींचा नातू, त्याला आमचा आजार लागू देऊ नको. दादा करायचे तसं. मजले चढत चढत मी दादांपर्यंत पोहोचले तेव्हा माझा आवाज फाटला होता, पण थांबला नव्हता. आणि मला जाणवलं की खोली मघासारखी रिकामी राहिली नाही. कुणी आलं नव्हतं, उजेड पडला नव्हता, दादांची काहीही बातमी नव्हती. पण कुणी तरी ऐकत होतं, फळीच्याही पलीकडे, आणि त्यानं ऐकायचं थांबवलं नव्हतं, दादा नसताना इतके महिनेसुद्धा. धर्मशास्त्राच्या दृष्टीनं हे काही फार नाही, हे मला ठाऊक आहे. पुढे आयुष्यात मी मोठमोठी प्रवचनं ऐकली. पण मला अजून तेवढंच पुरतं.

सवयीनं मी शेवटी संयुक्त महाराष्ट्रही मागितला. पोलीस खाली होते, गॅलरीत चिटपाखरू नव्हतं. काकी स्पष्टपणे म्हणाल्या, ‘आमेन.’ आणि त्यांच्या मागून वसंताचा आवाज आला, अगदी दबका, जसं देवळात बोलतात तसा. ‘झालाच पाहिजे.’

सकाळी संचारबंदी उठली आणि आई आली. चपला हातात. पट्टा तुटला होता. ती दारात उभी राहिली आणि तिनं आवाज न करता, नुसते ओठ हलवून, दादांशी बोलायची तसं मला सांगितलं. ‘आहेत.’ मग खाली बसली आणि पाय चोळत राहिली. रात्रभर ती इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून होती. म्हणाली, ‘दिवसभर प्रार्थना करत होते गं, पण मन लागत नव्हतं. सातच्या सुमाराला मी थांबले. म्हटलं, आता एस्तेर घेईल. मग जरा डोळा लागला.’ मी तिला काही सांगितलं नाही. काकींनी सगळं सांगितलं, फळीतून, मीठमसाला लावून, आणि सांगताना तुळशीचा डबा इतका उंच उडवला की तो जवळजवळ छताला लागला.

दादा घरी आले त्याला पुढे बरेच महिने लागले. एका अंगाला कललेले, सदरा एका खांद्यावरून सारखा घसरायचा, आणि आवाज गेलेला. गेलेला म्हणजे छातीत तेवढी हवाच मावत नव्हती. सगळी चाळ गॅलरीत उभी होती, थोडी लांब, पण दारं उघडी होती. दादा प्रत्येकाशी काहीतरी बोलले आणि कुणालाही ऐकू गेलं नाही. गोविंदराव म्हणाले, ‘मास्तर, आता कुठं हळू कळवायला लागलात!’ आणि सगळे हसले, आणि ते स्वतः तोंड फिरवून उभे राहिले.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं चटईवर बसलो. भजन झालं, वाचन झालं. आईनं मला खूण केली. मी डोळे मिटले, मग कसं तरी वाटून उघडले. दादा माझ्याकडे टक लावून पाहत होते. मी ओठांनी म्हटलं, ‘डोळे मिटा ना.’

‘मिटले की ऐकू येत नाही,’ दादा म्हणाले. एकेका शब्दाला श्वास घेत. ‘तुझ्या प्रार्थनेला आजवर नुसतंच आमेन म्हणत आलो. काय मागतेस, ते आज बघू दे.’

हल्ली आमच्या मंडळीची बुधवारची प्रार्थनासभा फोनवर भरते. मी डोळे मिटून तल्लीन होऊन प्रार्थना करत असते आणि नातू पलीकडच्या खोलीतून ओरडतो, ‘आजी, तू म्यूट आहेस!’ दर वेळी मी दचकते, आणि मला पहिल्यांदा काय ऐकू येतं ते त्याला सांगून कळणार नाही.

दादा परतले त्या संध्याकाळी मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना सुरू केली, दादांसाठी, नुसत्या ओठांनी, एकेक शब्द नीट पाडून. दादांची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती. दोन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात फळीवर थाप पडली.

‘मोठ्यान म्हण गो! हयसर माका आयकाक येणा नाय!’

म्हणून मी मोठ्यानं म्हटलं. ओठ दादांसाठी, आवाज काकींसाठी. पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत सगळं सांगून झालं. आईनं दादांचा गुडघा दाबला नाही, गरजच नव्हती. दादांचे ओठ हलले. आवाज फळीपलीकडून आला.